आटा डावा असतो, डावी नाही

४ फेब्रुवारी

आत्या,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं तेच कळत नव्हतं. 'नमस्कार' लिहिला आणि खोडला. मला तुमचा राग आलेला आहे, तो आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल. बाबा पडले तेव्हा आईने तुम्हाला कळवलं होतं. तुमच्याकडून एक ओळ आली नाही. सख्खा भाऊ आहे तुमचा. मी लहान असताना तुमचं काय बिनसलं ते मला कोणी सांगितलेलं नाही, आणि आता ते विचारायला मी लिहीतही नाहीये.

काम आहे म्हणून लिहितेय. बाबांचा उजवा हात आणि उजवा पाय गेलाय. बोलणंही गेलं. पडले तेव्हा ते मागच्या शेडमध्ये जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडत होते आणि पाना हातात होता. ती गाडी अजून तशीच उघडी पडली आहे. त्यांची खाट बरोबर त्या खिडकीशी आहे. दिवसभर तिकडे बघत बसतात आणि डाव्या मुठीने खिडकी बडवतात. डॉक्टर म्हणतात त्यांना शांत ठेवा. या माणसाला शांत कसं ठेवायचं ते डॉक्टरांनी येऊन दाखवावं.

आईने भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तिचंही चूक नाही. बाबांना पायऱ्या उतरता येत नाहीत, म्हणून शेडच्या जागी त्यांच्यासाठी न्हाणीघर बांधायचं आहे. गवंडी ठरलाय. पण भंगार हा शब्द निघाला की बाबा जेवायचे थांबतात. शेवटी आई आणि मी भांडून एका गोष्टीवर आलो. गवंडी यायच्या आत इंजिन जोडून झालं तर गाडी पुढच्या व्हरांड्यात राहील. नाही झालं तर भंगारात जाईल.

आणि ते जोडायचं तर आधी पुरतं उघडायला हवं. सिलेंडरवरचं झाकण, हेड, निघत नाही. वरचे रॉकर, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप सगळं बाबांनी काढून ठेवलेलं आहे. हेडाचे नटही सुटले आहेत. फक्त एक उरलाय, त्याच्यावर पाना लावला असतानाच ते कोसळले. तो नट हलत नाही, आणि हेड तर सिलेंडरबरोबर जन्माला आल्यासारखं चिकटून बसलंय. गॅरेजवाले म्हणतात, एवढं जुनं इंजिन आम्ही घेत नाही.

आई म्हणाली, हे इंजिन माहीत असलेला दुसरा माणूस म्हणजे तुम्ही. तेवढं सांगितलं आणि भांडी आदळायला लागली.

भाची


११ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र वाचताना स्टोव्हवरचा चहा उतू गेला. बर्नर बुजला. तुमच्या घराचा माझ्याशी नुसता कागदापुरता संबंध आला तरी माझं काहीतरी बिघडतं.

एक ओळ आली नाही म्हणतेस. बरोबर आहे, नाही पाठवली. कोणाला पाठवायची? ज्याने मला आपल्या दुकानात मागच्या दाराने यायला लावलं त्याला? तुला कोणी सांगितलं नाही ना, मग मी सांगते. ते गॅरेज आम्हा दोघांचं होतं. गिऱ्हाईक सांभाळायचं ते त्याने, इंजिन उघडायचं ते मी. मला कोणी शिकवलं नव्हतं. भंगारातली इंजिनं उघडून, बोटं चिरून घेऊन शिकले. जमायला लागलं. पण बाई इंजिन उघडते म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं व्हायचं. म्हणून तुझ्या बापाने मध्ये पडदा लावला. मी पडद्याआड. आणि बाहेर पाटी रंगवून घेतली, 'बंधू मोटार गॅरेज'. कोणी विचारलं, इंजिन कोण करतं हो? तर हा सांगायचा, आमचे बंधू. मी त्याचे बंधू! सुरुवातीला मीही हसले. दोघं मिळून हसलो. नंतर एकदा पडदा वाऱ्याने उडाला. गिऱ्हाईक म्हणालं, ही कोण? आणि तुझा बाप माझ्यासमोर म्हणाला, ही होय, फरशी पुसायला येते.

हातातला पाना मी त्याच फरशीवर ठेवला आणि निघाले. इथे पाण्याचे पंप दुरुस्त करते. पडदा नाही.

आता इंजिनाचं. ते भंगारातून जुळवून मीच जन्माला घातलंय, त्याच्यावर माझा राग नाही. नीट वाच आणि शहाणपणा न करता तेवढंच कर. हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि त्यातून वर आलेले स्टड, ज्यांच्यावर नट बसतात ते दांडे, लोखंडाचे. वर्षानुवर्षं गाडी उभी राहिली की दोघं एकमेकांत गंजून बसतात. मारामारीने सुटत नाहीत. स्टडच्या कडेने पातळ तेल सोड आणि वाट बघ. रोज सोड. त्या एका नटालाही पाज. मग लाकडाचा ठोकळा हेडाच्या जाड भागावर धर आणि हातोडीने टकटक कर, दार ठोठावल्यासारखं. दार तोडल्यासारखं नाही. कडेच्या त्या पातळ फिन आहेत ना, वारा लागावा म्हणून असतात त्या, त्यांना हातोडी लागली तर काचेसारख्या तुटतील. आणि फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला कोणी धावलं, तर त्याचा हात आधी बांधून ठेव.

मी सांगितलं म्हणून बापाला सांगायचं नाही.

आत्या


२३ फेब्रुवारी

आत्या,

तुमचं सगळं केलं. रोज तेल सोडलं. टकटक केली. नट हलला नाही.

पण एक झालं. बाबा बोलले! इतक्या दिवसांत पहिला शब्द. मी ठोकळा धरून ठोकत होते आणि खिडकीतून आवाज आला, "डावी." मी हातोडी टाकून आत पळाले. त्यांनी इंजिनाकडे बोट केलं आणि पुन्हा तेच, "डावी." आई रडायला लागली. मग दिवसभर चाललं, डावी, डावी, डावी.

आम्हाला वाटलं डाव्या बाजूने ठोकायला सांगतायत. मी डाव्या बाजूने ठोकलं. मान हलवून नाही म्हणाले आणि चिडले. मग मला वाटलं त्यांना डाव्या हाताने स्वतः करायचं असेल. डाव्या हातात पाना दिला. तो त्यांनी असा भिरकावला की आईची बरणी फुटली. मग आमचे हे म्हणाले, अगं, आटा डावा असणार! काही नट उलट्या आट्याचे असतात, ते उजवीकडे फिरवल्यावर सुटतात. तेच सांगतायत ते.

हे बेकरीत काम करतात, हातात ताकद आहे. त्यांनी पान्याला लांब पाइप लावला आणि उजवीकडे जोर दिला.

स्टड मोडला. नटासकट वरचा तुकडा हातात आला. बाबांनी ते पाहिलं आणि असं ओरडले की शेजारचे धावून आले. आता कोणावर चिडू? यांच्यावर चिडले, हे म्हणतात तुझ्या बाबांनीच सांगितलं. बाबांवर चिडले तर ते पुन्हा म्हणतात डावी. आईवर चिडले तर ती म्हणते, मला काही माहीत नाही, आणि आत निघून जाते. म्हणून तुमच्यावर चिडते. एवढं सगळं लिहिलंत, तर एक नट उलट्या आट्याचा आहे हे का लिहिलं नाहीत?

भाची


२ मार्च

पोरी,

नाही लिहिलं, कारण नाही तो उलट्या आट्याचा! त्या अख्ख्या हेडावर एकही डावा आटा नाही. बेकरीवाल्याला म्हणावं, ती कणीक नव्हती मळायला. इतक्या जुन्या स्टडला पाइप लावून उलटा पिळणारा माणूस मला समोर दिसला असता, तर त्यालाच मी व्हाइसच्या पकडीत आवळला असता.

आणि तुम्हा सगळ्यांचे कान कुठे गेले होते? आटा डावा असतो. डावी नाही. बापाची वाचा गेली असेल, पण तो काही आट्याला बाई म्हणणार नाही. भाषा तरी नीट ऐकायचीत.

स्टड मोडला ते आता झालं. मोडका तुकडा सिलेंडरमध्ये उभा राहू दे, त्याला हात लावू नकोस. हेड निघालं की तो पकडून काढता येईल. तोवर ठोकाठोक बंद. बेकरीवाल्याने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही.

डावी म्हणजे बाजूही नाही, आटाही नाही आणि त्याचा हातही नाही. पुन्हा तो शब्द निघाला तर त्याला सांग, डावी आता नाही. संपली. एवढंच सांग. बाकी तू चौकशी करू नकोस.

आत्या


७ मार्च

आत्या,

काय सांगायला लावलंस मला?

तू सांगितलंस म्हणून मी मूर्खासारखी गेले आणि बाबांना म्हणाले, "बाबा, डावी आता नाही. संपली." मला वाटलं गॅरेजातलं काही हत्यार असेल, एखादा पाना, जुनी काही वस्तू. आत्याला माहीत आहे, संपली म्हणतेय तर संपली असेल.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलून कान झाकला. एकच हात उठतो त्यांचा. एक कान झाकला आणि दुसऱ्याने ऐकत राहिले. त्यानंतर भिंतीकडे तोंड केलं. खिडकी बडवणं बंद. जेवण बंद. शांत ठेवा म्हणत होते ना डॉक्टर, झाले शांत.

मग मी आईला धरलं. स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले, म्हटलं आज सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही. आई म्हणाली, "अगं, डावी म्हणजे तुझी आत्या. सगळं डाव्या हाताने करायची, पाना पण डाव्या हातात. लहानपणापासून हा तिला डावीच म्हणायचा. तू उगाच खपल्या काढशील म्हणून बोलले नाही."

तू जिवंत आहेस. चांगली पंप दुरुस्त करतेस, शिव्या घालतेस, पत्रं लिहितेस. आणि आजारी माणसाला माझ्या तोंडून सांगायला लावलंस की तू मेलीस!

तुला काय केलं त्यांनी ते मी वाचलं. वाईट केलं. मी त्यांची बाजू घेत नाही. फरशी पुसायला येते म्हणाले, तेव्हा तू पाना फरशीवर ठेवण्याऐवजी त्यांच्या पायावर टाकायला हवा होतास. पण एक ऐक. बाबांचे सगळे शब्द गेले, आत्या. आईला हाक मारता येत नाही त्यांना. पाणी म्हणता येत नाही. माझं नाव त्यांनीच ठेवलं होतं, मी रोज त्यांच्यापुढे बसून ते म्हणते, ओठ हलवून दाखवते, नाही येत. एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यातून माणसाने एक शब्द उपसून काढला, आणि तो तू निघालीस. याचा मला किती राग आलाय ते तुला कळायचं नाही. दिवसरात्र मी करते आणि हाक तुला.

गवंडी लवकरच येतोय. हेड तसंच आहे. मी आता तुला काही विचारत नाही.

भाची

ता. क. बाबांना सांगितलं की आत्या आहे, खोटं होतं ते. वळून बघितलंसुद्धा नाही त्यांनी.


१९ मार्च

पोरी,

तुझं पत्र आल्यापासून माझ्या हातून दोन पंप बिघडले. उलटे वायसर बसवले, मी.

'तुम्ही' टाकून 'तू' म्हणालीस तेवढं एक बरं केलंस. तुम्ही-तुम्ही करत माझ्या तोंडावर दार लावल्यासारखं लिहीत होतीस.

माझा राग गेला असं समजू नकोस. उलट वाढलाय. एवढी वर्षं या हाताला राग धरायची सवय झाली होती, तो कुठे ठेवायचा ते ठाऊक होतं. आता तुझ्या बापाने असं काही करून ठेवलंय की तो धरवतही नाही आणि टाकवतही नाही. सगळी भाषा गमावून नेमकं हेच उरवायचं? हा त्याचा जुनाच डाव. चूक त्याने करायची आणि रडायला मी यायचं. मी येणार नाही. पण त्या इंजिनावर भंगारवाल्याची पहार पडू द्यायची नाही, म्हणून लिहिते. तेल आणि टकटक पुरेशी नाही झाली, तर दोरी लागते. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही, माझं मीच कधीतरी करून बघितलं होतं, आणि तेव्हा तुझ्या बापाने मला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

पेन्सिलीएवढ्या जाडीची सुती दोरी घे. जुनी नको, तुटणारी नको. आधी प्लग जागेवर असू दे, आणि उकळतं पाणी हेडावर हळूहळू ओत. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, म्हणजे गंजाची मिठी थोडी सैल होते. मग प्लग काढ. मागचं चाक हाताने फिरवून पिस्टन तळाला ने. टॉप गिअर पाड म्हणजे चाक फिरलं की पिस्टन हलेल. प्लगच्या भोकातून दोरी आत सोडत जा, मावेल तेवढी. शेपूट बाहेर ठेव, नाहीतर ती काढायला पुन्हा मलाच पत्र लिहिशील. रॉकर काढलेले आहेत, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, त्यांना धोका नाही. आता मागचं चाक पुढच्या दिशेने फिरव. पिस्टन वर येईल, दोरीचा गोळा दाबेल, आणि दोरी हेडाला आतून ढकलेल. हिसका द्यायचा नाही. दाब धरून ठेवायचा, आणि दुसऱ्याने ठोकळ्यावर टकटक करायची. बाहेरून उचकटलेलं तुटतं. आतून ढकललेलं निघतं.

चाकाला ताकद लागेल. बेकरीवाल्याला आत घे. पण ठोकळा तू धर.

आणि हे करण्याआधी बापाला उचलून एका खुर्चीत बसव आणि शेडच्या दारात आण. त्याला म्हणावं, दोरी डावीने सांगितली. बस्स. तेवढंच.

आत्या


२७ मार्च

आत्या,

निघालं!

सगळं सांगते, मध्ये अडवू नकोस. बाबा खुर्चीत यायलाच तयार नव्हते. मी कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, दोरी घालायचीय. डावीने सांगितलंय." त्यांनी मान वळवली. माझ्या हातातली दोरी बघितली, हिसकावून घेतली आणि बोटांनी तिची जाडी चाचपली. मग स्वतःच अंगावरची चादर ढकलली.

पाणी ओतलं. पिस्टन तळाला नेला. दोरी सोडायला लागले तर बाबा खुर्चीवर हात आपटायला लागले. मला कळेना. मग लक्षात आलं, शेपूट बाहेर ठेवलंच नव्हतं! थोडक्यात वाचले. तुझ्याइतकंच तेही ओरडतात, शब्द नसले तरी.

यांनी चाक फिरवलं. पिस्टन वर आला आणि अडला. हे चाकाला लोंबकळून राहिले, लाल झाले. मी टकटक, टकटक. काहीच नाही. मी चिडून म्हटलं, उगाच तुझं ऐकलं, एवढी शहाणी असतीस तर इथे असतीस. आणि तेवढ्यात कर्रर्र असा आवाज झाला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. हेडाखाली केसाएवढी फट दिसली. बाबा असे हसले, आत्या! अर्ध्याच तोंडाने, पण पुरेपूर. हेड सरळ वर उचलून घेतलं. सगळ्या फिन शाबूत आहेत. मोडका स्टड वर आलेला आहे, धरता येईल एवढा.

खरी गंमत पुढे आहे. मी हेड पुसून शेडमध्येच ठेवायला गेले, तर बाबा ठेवू देईनात. बोट सारखं घराच्या पुढे. शेवटी आम्ही गाडी ढकलत बोळातून पुढे आणली. व्हरांड्यात ठेवली तरी नाही. अजून पुढे. पार रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मग आपली खुर्ची तिच्याजवळ लावून घेतली आणि बसले.

थोड्या वेळाने भंगारवाला आला. आईने बोलावलं होतं; शेड मोकळी झाली, गवंड्याचं अडत नाही, म्हणून तिने अट सोडली, पण त्याला नको सांगायला ती विसरली. त्याने उघडं इंजिन बघितलं आणि म्हणाला, "काका, हे आता कोण जोडणार? पूर्वी तुमचे ते बंधू होते, आत बसायचे. ते असते तर गोष्ट वेगळी. आहेत का ते बंधू अजून?"

बाबांनी मान हलवली. नाही.

तो म्हणाला, "मग इंजिन कोण करणार?"

बाबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "डावी."

"कोण?"

"डावी!" गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, एवढ्या मोठ्याने. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. त्याने विचारलं, काय झालं? बाबांनी त्यालाही सांगितलं. आता जो थांबेल त्याला सांगतात. इंजिनाकडे बोट करतात आणि डावी. त्यांना दुसरं येत नाही, आणि आज मला त्यांचं काहीच कमी वाटलं नाही.

हेड ते कोणाला जोडू देत नाहीत. मी पाना उचलला की हाताला चापट मारतात.

माझं नाव अजून आलेलं नाही. त्याचा राग आहेच.

तुझी भाची


२ एप्रिल

पोरी,

मूर्खांनो, इंजिन उघडं टाकून रस्त्यावर ठेवलंय! धूळ गेली असेल सगळी सिलेंडरमध्ये. आत्ताच्या आत्ता स्वच्छ फडकं कोंब आणि वरून झाक. मोडक्या स्टडला हात लावू नका. जुनं गॅस्केट खरवडायला सुरी घेऊ नका. काही म्हणजे काही करू नका.

शनिवारच्या बसने निघते. माझे पाने मी आणते, तुमच्याकडच्यांना डावा हात बसत नाही. न्यायला कोणी येऊ नका, रस्ता मला माहीत आहे. दारात गोड बोलायला उभं राहू नका, मी अजून रागावलेली आहे आणि आल्यावर आधी भांडणार आहे. त्याला उत्तर देता येत नाही तर नाही, ऐकून घ्यायला एक कान उघडा ठेव म्हणावं. भांडून झालं की तुझ्या नावाचं बघते. एवढं शिकवलं मी त्याला, तुझं नाव शिकवणं काय अवघड आहे.

आणि आईला सांग, पुढच्या दाराची कडी काढून ठेव. मी मागून येणार नाही.

डावी